वाचक विचारतात: प्रोटॉनच्या टकरीतनं नक्की कळतं तरी काय?

मागच्या अंकात कोलायडरवर, म्हणजे कणांची समोरासमोर टक्कर घडवणाऱ्या मशिनवर, एक छोटं टिपण आलं होतं. त्यात जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरबद्दल जेमतेम चार ओळी होत्या (पुढं नुसतं एलएचसी म्हणूया). त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी सगळीकडनं प्रश्न आले, काही पोस्टकार्डावर आणि बरेचसे व्हॉट्सअॅपवर. सगळे घेता येणार नाहीत, जागा तेवढी नाही. पहिल्या प्रश्नाला मुद्दाम जास्त जागा दिलीय, कारण तो एकदा डोक्यात बसला की बाकीचं निम्मं आपोआप सुटतंय.

सर, मी पीयूसी सेकंड इयर सायन्सला आहे. पुस्तकात लिहिलंय की प्रोटॉन एकमेकांवर आदळवून नवीन कण शोधतात. पण ते कण प्रोटॉनच्या आत आधीपासूनच असतात आणि फुटल्यावर बाहेर पडतात, का टक्कर झाल्यावर तयार होतात? लेक्चररना विचारलं तर सिलॅबसमध्ये नाही म्हणाले. — एक विद्यार्थिनी, खानापूर

तयार होतात, बाळा. पुस्तकातल्या चित्रात कायम फुटलेला गोळा आणि त्यातनं उडालेले तुकडे दाखवतात, त्यामुळं वाटतं की आत काहीतरी भरलेलं होतं ते बाहेर सांडलं. तसं नाहीय, आणि हे तुला तुझ्या वहीतच करून बघता येईल.

प्रोटॉनचं वस्तुमान साधारण ०.९४ जीईव्ही. जीईव्ही हे खरं म्हणजे ऊर्जेचं एकक, पण आइन्स्टाइनच्या समीकरणानं वस्तुमान आणि ऊर्जा एकमेकांत बदलता येतात म्हणून कणांचं वस्तुमानही त्यातच मोजतात. आता हिग्ज बोसॉन, म्हणजे २०१२ मध्ये एलएचसीत सापडलेला तो गाजलेला कण, त्याचं वस्तुमान १२५ जीईव्ही, म्हणजे प्रोटॉनच्या १३३ पट. टॉप क्वार्कचं १७३ जीईव्ही, एकटा कण पण टंगस्टनच्या अख्ख्या अणूएवढा जड! असलं जड काहीतरी प्रोटॉनच्या पोटात आधीपासून बसलेलं असणं शक्यच नाही. मग ते वस्तुमान आलं कुठनं, तर वेगातनं. एलएचसीत आत्ता एका बाजूचा प्रोटॉन ६८०० जीईव्ही ऊर्जा घेऊन येतो, समोरनं दुसरा तेवढीच घेऊन येतो, आणि टक्कर होते ती खरी त्यांच्या आतल्या बारीक कणांची, क्वार्क आणि ग्लुऑनची. त्यांच्या वाट्याला एकूण ऊर्जेतला थोडाच हिस्सा येतो, पण तेवढ्यातनं सुद्धा एक नवा जड कण तयार होऊ शकतो. तो टिकत नाही. हिग्ज तर एका सेकंदाचे एकावर बावीस शून्यं एवढे भाग केले तर त्यातल्या एक-दोन भागांइतकाच जगतो आणि लगेच हलक्या कणांत मोडतो.

तुझ्या मनात पुढचा प्रश्न येणारच की मग दोन्हीकडनं कशाला पळवायचे, एक थांबवून ठेवला आणि दुसरा आणून आदळवला तर काय बिघडलं, निम्म्या खर्चात काम झालं असतं. नाही झालं असतं. थांबलेल्या प्रोटॉनवर ६८०० जीईव्हीचा प्रोटॉन आदळला तर बहुतेक सगळी ऊर्जा आदळल्यानंतरचा ढिगारा पुढं ढकलण्यातच जाते (मोमेंटम राखलं गेलंच पाहिजे, हे तू शिकलीस) आणि नवीन कण बनवायला हातात उरतात फक्त ११३ जीईव्हीच्या आसपास. म्हणजे एवढं करून एक हिग्जसुद्धा बनणार नाही. समोरासमोर आणले की पूर्ण १३,६०० जीईव्ही हाताशी. सगळ्या कोलायडरच्या मागचा मूळ विचार एवढाच आहे. इटलीत फ्रास्काटीला ब्रुनो टाउशेक या माणसानं १९६१ मध्ये एका छोट्या रिंगेत इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचाच उलट भाराचा जोडीदार) समोरासमोर फिरवून त्याची सुरुवात केली.

आता खरी मेख. कण जर दिसायच्या आधीच मोडतो, तर तो बनला होता हे कळणार कसं? इथं बहुतेक लेख घाई करतात आणि मला वाटतं हाच भाग सगळ्यात भारी आहे. हिग्ज कधीकधी, हजारात दोनदा वगैरे, मोडून त्याचे दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, होतात. डिटेक्टर त्या दोन फोटॉनची ऊर्जा आणि दिशा मोजतो, त्यावरनं गणित करून काढता येतं की ज्या कणापासनं हे दोघं निघाले त्याचं वस्तुमान किती असेल. अडचण अशी की दोन फोटॉन दुसऱ्या शंभर साध्यासुध्या कारणांनी पण निघतात, मग एखादी जोडी हातात आल्यावर ही हिग्जची का कुठली हे तिच्याकडं बघून कुणीच सांगू शकत नाही. कुणीच नाही, नोबेलवाला सुद्धा नाही. म्हणून एक जोडी बघत नाहीत, लाखो जोड्या गोळा करतात आणि आलेख काढतात, खाली वस्तुमान आणि उभ्या बाजूला त्या वस्तुमानाच्या किती जोड्या सापडल्या ते. साध्या कारणांनी आलेल्या जोड्यांचा आलेख डावीकडनं उजवीकडं गुळगुळीत उतरत जातो. आणि खरोखर काही नवीन कण असेल तर एका ठराविक जागी थोड्या जोड्या जास्त निघतात, आलेखाला बारीकसा उंचवटा येतो. ४ जुलै २०१२ ला सर्नमध्ये जे दाखवलं त्यात हा उंचवटा होता, १२५ च्या जवळ, आणि शिवाय चार लेप्टॉनमध्ये (म्हणजे इलेक्ट्रॉन किंवा त्याचा जड भाऊ म्यूऑन) मोडणाऱ्या घटनांमध्येही त्याच जागी. अॅटलास आणि सीएमएस हे दोन वेगळे डिटेक्टर, वेगळी माणसं, वेगळी बनावट, आणि दोघांचाही उंचवटा एकाच ठिकाणी.

उंचवटा योगायोगानं पण येतो ना? येतो की! म्हणून या लोकांनी स्वतःवर एक कडक अट घालून घेतलीय, पाच सिग्मा म्हणतात तिला. नवीन कण नसतानाही नुसत्या योगायोगानं असा उंचवटा दिसण्याची शक्यता साधारण ३५ लाखांत एक किंवा त्याहून कमी असली तरच शोध लागला म्हणायचं, नाहीतर तोंड बंद ठेवायचं. ही अट फाजील नाही. डिसेंबर २०१५ मध्ये दोन्ही डिटेक्टरना ७५० जीईव्हीपाशी असाच दोन फोटॉनचा उंचवटा दिसला होता, पाच सिग्माच्या खाली होता, तरी जगभरच्या लोकांनी त्यावर शेकड्यांनी पेपर लिहिले. ऑगस्ट २०१६ पर्यंत आणखी डेटा आला आणि उंचवटा सपाट झाला. काही नव्हतंच तिथं. आणि हे त्यांनी स्वतःच सगळ्यांसमोर सांगितलं, म्हणूनच २०१२ च्या उंचवट्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवतो.

नमस्कार सर, उद्यमबागमध्ये सीएनसीवर काम करतो, हायड्रॉलिकचे पार्ट असतात आमच्याकडं. पाच-दहा मायक्रॉन इकडंतिकडं झालं की पीस रिजेक्ट. २७ किलोमीटरच्या बोगद्यात एवढं सगळं सरळ रेषेत बसवतात कसं? — अनगोळचे एक वाचक

दादा, हा प्रश्न कॉलेजातनं न येता शॉपफ्लोअरवरनं आला याचा मला फार आनंद झालाय, कारण एलएचसीतलं निम्मं शौर्य तुमच्या लाइनीतलं आहे.

२७ किलोमीटर म्हणजे बेळगावातनं खानापूर गाठून वर थोडं, एवढा घेर, जमिनीखाली सरासरी १०० मीटरवर. त्यात प्रोटॉनला वळवत ठेवायला १२३२ मोठे डायपोल मॅग्नेट, एकेक १५ मीटर लांब आणि ३५ टनाच्या आसपास वजनाचा. एवढं धूड उचलून बसवायचं आणि शेजारच्या मॅग्नेटशी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या हिशेबात जुळवायचं, आणि जमीन बसली की परत जुळवायचं. त्यासाठी प्रत्येक मॅग्नेटखाली जॅक लागतात, आणि हे जॅक, सात हजारांच्या वर, भारतातनं गेलेत. डिझाइन आपल्या अणुऊर्जा खात्याच्या लोकांचं, बनवले इंदूर आणि बेंगळूरच्या कारखान्यांनी. ३५ टनाचा मॅग्नेट त्या जॅकनं ५० मायक्रॉनच्या हिशेबानं सरकवता येतो. तुम्ही रोज जे मायक्रोमीटर हातात धरता त्याच भाषेतलं काम आहे हे, फक्त वजन टनात.

आता थंडीचं ऐका. हे मॅग्नेट सुपरकंडक्टिंग आहेत, म्हणजे कॉइलमध्ये करंटला अडथळाच नाही, कॉइलमधनं ११ हजार अँपिअरच्या वर करंट जातो आणि त्यासाठी सगळं द्रव हेलियमनं उणे २७१.३ डिग्रीला ठेवावं लागतं. एवढं गार केल्यावर धातू आकसणार. १५ मीटरचा मॅग्नेट चार-साडेचार सेंटिमीटरनं आखूड होतो! म्हणून दोन मॅग्नेटच्या मध्ये बेलोज, म्हणजे भात्यासारखे लवचिक जोड, ठेवलेत, ते ताणले जातात. गरम असताना जुळवलेली गोष्ट गार झाल्यावर पण जुळलेली राहिली पाहिजे, हे किती अवघड आहे ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

आणि एक जॉइंट बिघडला तर काय होतं तेही घडून गेलंय. १० सप्टेंबर २००८ ला पहिल्यांदा बीम पूर्ण फिरला, जगभर टाळ्या पडल्या, आणि नऊच दिवसांनी, १९ सप्टेंबरला, दोन मॅग्नेटच्या मधला एक विजेचा जोड निकामी झाला. असे दहा हजार जोड आहेत, त्यातला एक. ठिणगी पडली, हेलियमच्या डब्याला भोक पडलं, कित्येक टन हेलियम बोगद्यात घुसलं आणि त्या दाबानं ते टनावारी मॅग्नेट जागेवरनं उखडले. ५० च्या वर मॅग्नेट वर काढून दुरुस्त करावे किंवा बदलावे लागले. परत सुरू व्हायला नोव्हेंबर २००९ उजाडला. त्यांनी कुणावर तरी ढकलून न देता सगळा रिपोर्ट छापला आणि बाकीचे जोड एकेक करून तपासले.

अजून एक, तुम्हाला आवडेल म्हणून. एलएचसीच्या आधी त्याच बोगद्यात एलईपी नावाचं इलेक्ट्रॉनचं मशिन होतं, १९८९ ते २०००. त्यात बीमची ऊर्जा रोज थोडी खालीवर होत होती आणि कारण कळेना. शेवटी कळलं की चंद्र! समुद्राला भरती येते तशी चंद्राच्या ओढीनं जमीनही जरा फुगते, आणि २७ किलोमीटरचा घेर एक मिलिमीटरनं बदलतो, तेवढा त्यांच्या मोजणीत दिसत होता. तो निस्तरला तर दिवसा वेगळाच गोंधळ, रात्री मध्यरात्रीनंतर शांत. ते निघालं जिनिव्हा-पॅरिस रेल्वेचं, रुळातनं जमिनीत उतरणारा करंट यांच्या बीमच्या पाइपातनं जात होता. मोजमाप बारीक होत गेलं की आधी नसलेल्या गोष्टी त्रास द्यायला लागतात, हे तुमच्याकडं पण असंच असतं ना?

२००८ ला टीव्हीवर दाखवत होते की हे मशिन चालू केलं की काळं विवर तयार होऊन पृथ्वी गिळणार. आमच्या आत्यांनी तर देव पाण्यात घालून ठेवले होते. आता परत मोठं मशिन करणार म्हणतात. धोका खरंच नाही का? — एक गृहिणी, शहापूर

नाही, वहिनी. आणि हे नुसतं धीर द्यायला म्हणत नाही.

अंतराळातनं कॉस्मिक किरण म्हणजे बहुतेक प्रोटॉनच, पृथ्वीच्या हवेवर रात्रंदिवस आदळतात आणि त्यातल्या काहींची ऊर्जा एलएचसीच्या कितीतरी पटीनं जास्त असते. १९९१ मध्ये अमेरिकेत युटाह राज्यातल्या डिटेक्टरनं असा एक कण मोजला, त्या एकट्या कणाची ऊर्जा एलएचसीतल्या एका प्रोटॉनच्या चार कोटी पटींहून जास्त होती. असल्या टकरी पृथ्वीवर, चंद्रावर, सूर्यावर साडेचारशे कोटी वर्षं चालू आहेत आणि सगळे आपापल्या जागी आहेत. माणूस बोगद्यात जे करतोय ते आकाशात आधीच फुकट चाललंय, फक्त तिथं कधी आणि कुठं होईल ते आपल्या हातात नाही, म्हणून मोजायला मशिन लागतं.

एका प्रोटॉनची ऊर्जा आपल्या मानानं काहीच नाही. सगळा बीम मिळून मात्र ३५० मेगाज्यूलच्या वर जातो, ते खरंच धोकादायक आहे, पण मशिनला. बीम भरकटला तर धातू वितळवेल. म्हणून काही बिनसलं की क्षणात तो बाजूला वळवून ग्रॅफाइटच्या लांबलचक ठोकळ्यात जिरवतात. आत्यांना माझा नमस्कार सांगा.

सर, तुम्ही सगळं परदेशातलंच सांगूलालाय, आपल्या कर्नाटकात असलं कायबी झालंय की नाही? पोरं विचारूलालीत. — येळ्ळूर

झालंय की! आणि ते आपल्याकडच्या शाळांत सांगत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कोलारच्या सोन्याच्या खाणी. वर मी कॉस्मिक किरण म्हणालो, ते हवेत आदळले की त्यातनं न्यूट्रिनो नावाचे कण पण बनतात, ते कशातनंही आरपार जातात, पृथ्वीतनं सुद्धा. पण बाकीचे कण एवढे कोसळत असतात की त्या गर्दीत न्यूट्रिनो दिसणं अशक्य, मग करायचं काय तर खोल जायचं, वरचा दगड बाकीचं सगळं अडवतो. कोलारच्या चॅम्पियन रीफ खाणीत २ किलोमीटरपेक्षा जास्त खोल मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटच्या लोकांनी जपानच्या ओसाका आणि इंग्लंडच्या डरहॅमच्या लोकांबरोबर डिटेक्टर बसवले आणि १९६५ साली हवेत तयार झालेले न्यूट्रिनो पकडले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीतही दुसऱ्या टीमनं पकडले, पण छापून आधी आलं ते कोलारचं, दोन आठवड्यांच्या फरकानं. एवढ्या खोलवर उष्णता काय असते ते खाणीत उतरलेल्या माणसालाच माहीत, आणि तिथं ही माणसं वर्षानुवर्षं कामाला उतरत होती, खाणकामगारांच्या जोडीनं, त्यांच्याच लिफ्टनं. नंतर १९८० पासनं तिथं प्रोटॉन स्वतःहून मोडतो का हे बघणारा १४० टनी लोखंडी डिटेक्टर चालला. नव्वदच्या दशकात प्रयोग थांबले, २००१ मध्ये खाणच बंद झाली आणि खाली पाणी भरलं.

एलएचसीत पण कर्नाटक आहे. सीएमएस डिटेक्टरच्या एका भागातले सिलिकॉनचे सेन्सर बेंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये बनलेत, जॅकचं वर सांगितलंच. पोरांना हे सांगा.

माझा स्पष्ट प्रश्न आहे. एवढा पैसा घालून एक कण सापडला. त्यानं आमच्या तंबाखूला दर मिळणार का? २०१२ नंतर काय दिवे लावले यांनी? — निपाणी

काका, दर मिळणार नाही. तुम्ही स्पष्ट विचारलंत म्हणून मीही स्पष्ट सांगतो.

या प्रश्नावर नेहमी ठरलेली यादी देतात आणि ती खोटी नाही. वेब म्हणजे आपण मोबाइलवर जे उघडतो ते सर्नमध्ये १९८९ ला टिम बर्नर्स-ली यांनी सुचवलं आणि १९९३ मध्ये संस्थेनं ते जगाला फुकट देऊन टाकलं. कॅन्सरला रेडिएशन देतात ते लिनॅक मशिन हा प्रवेगकच आहे, टकरीचं नाही पण त्याच घराण्यातलं, आणि आपल्या भागातली कितीतरी माणसं त्या मशिनखाली झोपून बरी होऊन आलीत. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रात २०२३ पासनं प्रोटॉननं उपचार होतात, त्यात ट्यूमरच्या पुढच्या चांगल्या भागाला इजा कमी होते. हे सगळं खरं.

पण मला स्वतःला ही यादी पुढं करून कोलायडरची बाजू मांडायला आवडत नाही, कारण लिनॅकच हवा असेल तर लिनॅकच बनवावा, त्यासाठी २७ किलोमीटरचा बोगदा कशाला? तो बोगदा वस्तू कशाच्या बनल्यात हे समजून घ्यायला आहे. सर्नचं वर्षाचं बजेट साधारण १२० कोटी स्विस फ्रँकच्या पुढं आहे आणि ते वीसहून जास्त सभासद देश मिळून भरतात, भारत २०१७ पासनं सहयोगी सभासद आहे, आपला वाटा त्यातला छोटा. एवढ्यावर दहा हजारांच्या वर शास्त्रज्ञ काम करतात. जास्त आहे का कमी यावर तुमचं माझं मत वेगळं असू शकतं.

२०१२ नंतर काय, तर हे मी लपवणार नाही. मोठ्या आशा होत्या की सुपरसिमेट्रीचे कण (माहीत असलेल्या प्रत्येक कणाला एक जोडीदार असावा असा एक अंदाज आहे, ते) सापडतील, डार्क मॅटरचा धागा मिळेल. सापडलं नाही. विश्वातलं बहुतेक वस्तुमान ज्याचं आहे ते डार्क मॅटर काय आहे हे आजही कुणाला माहीत नाही. पण "शोधलंच नाही" आणि "इथं इथं नीट शोधलं, तिथं नाही" यात जमीनअस्मानाचा फरक आहे. तुमच्या रानात बोअर मारताना चार ठिकाणी पाणी नाही हे पक्कं कळणं म्हणजे पैसा बुडाला असं वाटतं, पण पाचवी जागा ठरते ती त्यावरनंच. शिवाय क्वार्कच्या नव्या जुळण्यांचे ७० च्या वर कण सापडले, २०१५ मध्ये पाच क्वार्कचा पेंटाक्वार्क सुद्धा, आणि हिग्ज कुठल्या कणाशी किती जोरानं जोडला जातो हे एकेक करून मोजत चाललेत, आतापर्यंत सिद्धांताशी जुळतंय. पुढं एलएचसीची ताकद वाढवून २०३० च्या सुमारास टकरींची संख्या बरीच वाढवायचं ठरलंय. त्यानंतर ९१ किलोमीटर घेराचं नवीन मशिन करावं असा प्रस्ताव आहे, त्यावर खुद्द फिजिक्सवाल्यांतच दोन तट आहेत. माझं मत विचाराल तर एलएचसीचं वाढीव काम पूर्ण झालंच पाहिजे, हिग्ज स्वतःशीच कसा जोडला जातो हे अजून मोजायचं राहिलंय आणि ते अर्ध्यावर सोडणं बरोबर नाही. ९१ किलोमीटरवर मात्र घाईनं हो म्हणू नये.

बोगदा म्हणे दोन देशांत आहे. मग हद्दीवरनं भांडण होत नाही का? — चंदगडच्या सीमेजवळनं एक वाचक

आपल्या भागातला माणूस हेच विचारणार! बोगद्याचा जास्त भाग फ्रान्समध्ये आहे, थोडा स्वित्झर्लंडमध्ये. अॅटलास डिटेक्टर स्वित्झर्लंडच्या बाजूला मेरँला, सीएमएस फ्रान्समधल्या सेसी गावाजवळ. प्रोटॉन सेकंदाला ११,२४५ फेऱ्या मारतो आणि प्रत्येक फेरीत हद्द ओलांडतो. महायुद्धात एकमेकांची शहरं जाळलेल्या युरोपातल्या १२ देशांनी मिळून १९५४ मध्ये संस्था उभी केली, करारातच लिहिलं की लष्करी कामाशी संबंध ठेवायचा नाही आणि जे सापडेल ते सगळ्यांसाठी छापायचं. १९६५ मध्ये फ्रान्सशी करार करून आवार हद्दीपलीकडं वाढवलं. दोन्ही देशांत राहणारी माणसं रोज इकडनं तिकडं कामाला येतात जातात. कागदावर हद्द आहेच, कुणी पुसली नाही, फक्त कामाच्या आड येऊ दिली नाही.

सर, मी दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता बीएस्सी फिजिक्स, बेळगाव. मला या क्षेत्रात जायचंय पण इंग्रजीची भीती वाटते आणि आयआयटीवाल्यांपुढं आपलं काय चालणार असं सगळे म्हणतात. सुरुवात कुठनं करू?

सगळे म्हणतात ते बाजूला ठेव. सीमाभागातल्या पोराला दहावीनंतर एकदम सगळं इंग्रजीतनं आणि घराबाहेर कन्नड, हा त्रास किती असतो मला माहिती आहे, वर्गात मागं बसून नुसतं लिहून घेणारी हुशार पोरं मी बघितलीत. पण या क्षेत्रातलं इंग्रजी म्हणजे साहित्य नव्हे, हजारभर शब्द आहेत, वर्षात अंगवळणी पडतात. आणि सर्नमध्ये बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नाहीच, सगळे मोडकंतोडकंच बोलतात आणि काम होतं.

रस्ता असा. बीएस्सीनंतर जॅमची परीक्षा देऊन एमएस्सीला आयआयटीत किंवा चांगल्या विद्यापीठात, नाहीतर जेस्ट देऊन इंटिग्रेटेड पीएचडीला. मुंबईची टाटा इन्स्टिट्यूट, पुण्याची आयसर, कोलकात्याची साहा इन्स्टिट्यूट, बेंगळूरची आयआयएस्सी, या ठिकाणचे गट एलएचसीच्या कामात आहेत. बेंगळूर तर आपल्याला रात्रीच्या गाडीनं. अभ्यासात क्वांटम आणि रिलेटिव्हिटी पक्की हवीच, पण त्याहून जास्त मुलं अडकतात ती स्टॅटिस्टिक्स आणि प्रोग्रॅमिंगला. वर पाच सिग्माचं वाचलंस ना, तसं काम रोज असतं. पायथन आत्ताच शिकायला घे, सी प्लस प्लस नंतर.

आणि पीएचडीपर्यंत थांबायची गरज नाही. एकाच वेळी एका बाजूनं शंभर अब्ज प्रोटॉनचा घोळका येतो आणि समोरनं तेवढाच, गणपतीच्या दोन मिरवणुका एकमेकांतनं निघून जाव्यात तसे बहुतेक सगळे न धडकता पार होतात, प्रत्यक्ष टकरी होतात पन्नास-साठ. हे सेकंदाला कोट्यवधी वेळा. त्यातल्या निवडक घटनांचा खरा डेटा सर्ननं २०१४ पासनं ओपन डेटा पोर्टलवर सगळ्यांसाठी मोकळा ठेवलाय, फुकट, लॉगिनसुद्धा लागत नाही. त्यातली सीएमएसची दोन म्यूऑनवाली फाइल घे. प्रत्येक ओळीत दोन म्यूऑनची ऊर्जा आणि मोमेंटम दिलेलं असतं. दोन्ही ऊर्जांची बेरीज करून वर्ग कर, मोमेंटमची सदिश बेरीज करून तिचा वर्ग त्यातनं वजा कर, वर्गमूळ काढ, म्हणजे मूळ कणाचं वस्तुमान आलं. एक लाख ओळींसाठी हे करून हिस्टोग्राम काढ, खालचा अक्ष लॉगमध्ये घे. ३.१ जीईव्हीपाशी एक टोकदार उंचवटा येईल, तो जे-साय, १९७४ मध्ये अमेरिकेत दोन ठिकाणी एकदमच सापडला आणि दोन्हीकडच्या प्रमुखांना १९७६ चं नोबेल मिळालं. ९१ पाशी रुंद उंचवटा येईल, तो झेड बोसॉन, सर्नमध्ये १९८३ साली सापडलेला. साध्या लॅपटॉपवर काम होतं, कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये पण होईल. आलेख आला की आमच्याकडं पाठव, आणि झेडचा उंचवटा ९१ वरच का आला पण तो जे-सायपेक्षा एवढा रुंद का, याचं तुझं उत्तर पण सोबत लिही, पुढच्या अंकात छापतो.